बीजांडकोशाकडून आतड्याकडे

शिकागोच्या मायकेल रीज रुग्णालयातील अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1935 मध्ये सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची पाळी अनियमित किंवा बंद होती, काहींच्या अंगावर दाट केस होते आणि बीजांडकोश मोठे व बारीक पुटींनी भरलेले होते. बीजांडकोशाचा पाचरीसारखा भाग कापून काढल्यावर पाळी पुन्हा सुरू झाली. त्यामुळे आज पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दुखण्याचे मूळ बीजांडकोशातच आहे, हा समज अनेक दशके टिकला.

वास्तविक 1921 मध्येच अशार आणि तिएर या फ्रेंच वैद्यांनी दाढी येणाऱ्या स्त्रियांच्या मधुमेहाचे वर्णन केले होते. हा धागा 1980 मध्ये पुन्हा हाती आला. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिन आणि अँड्रोजेन ही दोन्ही संप्रेरके बरोबरीने वाढलेली असतात, असे अमेरिकेत बर्घेन व सहकाऱ्यांना आढळले. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त स्रवते आणि त्या जादा इन्शुलिनमुळे बीजांडकोशात अँड्रोजेन अधिक तयार होते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन पीसीओएससाठी 1994 पासून अभ्यासले जाऊ लागले ते यामुळेच.

जिवाणूंचा अभ्यास तोवर वेगळ्याच वाटेने चालला होता. आंबवलेल्या दुधातील जिवाणू आरोग्याला पोषक असतात, असे मत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेच्निकोफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांचे याकुल्ट हे आंबवलेले दुग्धपेय 1935 मध्येच बाजारात आले. या जिवाणूंचे खाद्य ठरणाऱ्या इन्युलिनसारख्या तंतूंना गिब्सन आणि रोबेरफ्रॉइड यांनी 1995 मध्ये प्रीबायोटिक म्हटले. जिवाणू आणि त्यांचे खाद्य एकत्र दिले की ते सिनबायोटिक.

दोन्ही वाटा 2012 मध्ये एकत्र आल्या. आतड्यातील जिवाणूंचा तोल ढळला, की आतड्याचे अस्तर सैल पडते, जिवाणूंच्या कवचातील घटक रक्तात उतरतात आणि त्यातून उद्भवणारा सौम्य दाह इन्शुलिनचा परिणाम बोथट करतो, अशी उपपत्ती ऑस्ट्रेलियातील ट्रेमेलन आणि पिअर्स यांनी मांडली. पुढे, विशेषतः इराणमध्ये, पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर सिनबायोटिक पूरकांच्या चाचण्या झाल्या. काहींत उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि ट्रायग्लिसराइड घटले, काहींत फरक दिसला नाही. बहुतेक चाचण्या लहान आणि दोन-तीन महिन्यांच्याच होत्या. शिवाय प्रत्येकीत जिवाणूंचे वाण आणि मात्रा वेगळ्या असल्याने त्यांचे निष्कर्ष ताडून पाहणे अवघड ठरते. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही चयापचय सुधारण्यासाठी मुख्य भर आहार, व्यायाम आणि मेटफॉर्मिन यांवरच आहे.