वाग्दत्त युगुलांचे छायाचित्रण
वाग्दत्त युगुलांचे छायाचित्रण : वाङ्‌निश्चय किंवा साखरपुडा झाल्यानंतर व विवाहापूर्वी नियोजित वधूवरांचे एकत्र छायाचित्र घेण्याची प्रथा. व्यक्तिचित्रणाचा हा लहानसा उपप्रकार असला, तरी त्याच्या इतिहासात तंत्र व लोकाचार एकमेकांत गुंतलेले आढळतात [⟶ छायाचित्रण]. जुन्या युगुलचित्रांतील ताठर मुद्रा पाहून त्या काळच्या स्त्रीपुरुषांत जिव्हाळाच नव्हता, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो बव्हंशी चुकीचा आहे.

ल्वी दागेअर (१७८७–१८५१) यांची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा उद्‌भासनास कित्येक मिनिटे लागत. पेट्सव्हाल यांचे व्यक्तिचित्रणाचे भिंग (१८४०) व पट्टिकेवरील रासायनिक संस्कारांतील सुधारणा यांमुळे ही मुदत मिनिटाच्या आत आली. आर्चर यांच्या ओल्या कलोडियन पद्धतीने (१८५१) ती काही सेकंदांपर्यंत उतरली. तरीही दोघांनी एकाच वेळी निश्चल राहणे एकट्याने राहण्यापेक्षा अवघडच. एकाची मान किंचित हलली, तरी पट्टिका वाया जाई. म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावीत, एकास खुर्चीवर बसवीत व दुसऱ्याचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवीत. या हातात पुढील पिढ्यांनी स्वामित्वाचा किंवा अधीनतेचा संकेत वाचला. तो निदान अंशतः तरी तोल सावरण्याचा उपाय होता. स्मितही इतका वेळ टिकत नाही.

दिस्देरी यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या भेटपत्राच्या आकाराच्या छायाचित्रांमुळे एकाच पट्टिकेवर अनेक प्रतिमा मिळू लागल्या आणि छायाचित्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. इंग्लंडचा युवराज अल्बर्ट एडवर्ड व डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा यांचा वाङ्‌निश्चय सप्टेंबर १८६२ मध्ये ब्रूसेल्सजवळील लाकेन येथे झाला, तेव्हा तेथील गेमार बंधूंनी त्यांची एकत्र छायाचित्रे घेतली. १० मार्च १८६३ रोजी, विवाहाच्या दिवशी, मेयॉल यांनी घेतलेल्या एका चित्रात मात्र राणी व्हिक्टोरिया नवदांपत्याकडे न पाहता दिवंगत पतीच्या अर्धपुतळ्याकडे पाहत आहे. दोघांच्या चित्रात कुटुंब कसे शिरते, याचे इतके बोलके उदाहरण विरळाच.

मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण हे येथील आरंभीचे छायाचित्रकार होत. कुलीन स्त्रियांनी परक्या पुरुषासमोर बसणे ही मोठीच अडचण होती. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी १८९२ मध्ये हैदराबाद संस्थानात स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज महिलेकडे सोपविली. महाराष्ट्रात विसाव्या शतकात स्थळ पाहताना मुलीचे एकटीचे छायाचित्र पाठविण्याची चाल रूढ झाली; जोडीचे चित्र बहुधा विवाहानंतरच काढले जाई. त्यामुळे रंगविलेल्या पडद्यापुढे उभी राहिलेली अनेक जोडपी चारचौघांसमक्ष इतकी जवळ प्रथमच येत असत. त्या चेहऱ्यांवरील अवघडलेपण हे त्या क्षणाचे होते, सबंध संसाराचे नव्हे. साखरपुड्यानंतर बाहेर, मोकळ्यावर चित्रे घेण्याची ‘प्री-वेडिंग’ म्हणून ओळखली जाणारी प्रथा मुख्यतः एकविसाव्या शतकातील आहे.

उद्‌भासन सेकंदाच्या शतांशावर आले, तरी हे अवघडलेपण सरलेले नाही. प्रथमच असे काम घेणाऱ्या छायाचित्रकाराची कसोटी कॅमेऱ्यापेक्षा येथेच लागते. ‘हसा’ असे सांगितल्याने हसू येत नाही. दोघांना सावकाश चालावयास किंवा आपसांत बोलावयास सांगितले, तर मुद्रा आपोआप सैलावतात. रिकामे हात सर्वांत आधी ताठरतात, म्हणून त्यांना काही काम द्यावे. स्पर्श किती असावा, हे त्या दोघांनीच ठरवावे. घरची वडीलधारी मंडळी उपस्थित असल्यास हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. तांत्रिक बाजूने, ३५ मिमी. कॅमेऱ्यास ८५ ते १३५ मिमी. केंद्रांतराचे भिंग सोयीचे, कारण त्यामुळे लांब राहून चित्र घेता येते व चेहरे विरूप होत नाहीत. द्वारक फार मोठे ठेवल्यास एकच चेहरा स्पष्ट येतो. दोन्ही चेहरे भिंगापासून सारख्या अंतरावर ठेवून एफ/४ ते एफ/५·६ वापरणे बरे. उंचीत फार फरक असेल, तर पायरीचा किंवा बैठकीचा उपयोग करतात. जुन्या चित्रशाळांतील खुर्चीचे एक काम हेही होते.