वैजनाथ पंडितांचे काम

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. त्याच्या ३१ वर्षे आधी, १८०५ साली, मराठीचे एक व्याकरण छापले गेले ते थेट बंगालात, श्रीरामपूरला! ते लिहिणारे विल्यम कॅरे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण इंग्रज नोकरांना मराठी शिकवीत. पुस्तक अर्थातच इंग्रजीत होते.

कॅरे नुसते नियम देऊन थांबले नाहीत. रोजच्या विषयांवरचे संवादही त्यांनी पुस्तकाला जोडले. मला शिक्षक म्हणून हे फार आवडते. सगळ्या विभक्ती तोंडपाठ, पण बाजारात दोन वाक्ये बोलता येईनात, तर ती भाषा आली असे कसे म्हणावे?

पण बंगालात राहणाऱ्या कॅरेंना तरी मराठी कुणी शिकवली? कॉलेजात मराठीचे वैजनाथ पंडित होते, त्यांच्या मदतीने हे काम झाले. पुस्तक मात्र कॅरेंच्या नावाने ओळखले जाते. असो.

परदेशी वाढणाऱ्या नातवंडांना आपण हौसेने मराठी पुस्तके पाठवतो. जरूर पाठवावीत. पण फोनवर त्यांच्याशी मराठीतच बोलावे, चुकली तरी बोलू द्यावे. वैजनाथ पंडितांचे काम आता आपल्याकडे आले आहे.