इ. स. १८९६ : एका वर्षाचें सिंहावलोकन

इतिहासांतील सर्वच वर्षें सारख्या वजनाचीं नसतात. कांहीं वर्षांत जुनें जग मागें सरतें व नव्याचें दार उघडतें. इ. स. १८९६ हें वर्ष आम्हांस तसें वाटतें.

वर्षारंभींच रॉंटजेन यांच्या अदृश्य किरणांची वार्ता जगभर पसरली. जिवंत माणसाच्या हाताचीं हाडें कांचेवर उमटलेलीं पाहून लोक थक्क झाले. लवकरच पॅरिस येथें बेकेरेल यांस युरेनियमच्या क्षारांतून आपोआप निघणाऱ्या किरणांचा शोध लागला. १ मार्च रोजीं अडोवा येथें सम्राट मेनेलिक यांच्या सैन्यानें इटलीचा पराभव केला, आणि ऑक्टोबरांत इटलीस इथिओपियाचें स्वातंत्र्य मान्य करावें लागलें. एप्रिलांत अथेन्स येथें ऑलिंपिक सामने पुन्हां सुरू झाले. जूनमध्यें मार्कोनी यांनीं बिनतारी संदेशाच्या पेटंटासाठीं इंग्लंडांत अर्ज केला.

मुंबईही या नवलाईस मुकली नाहीं. ७ जुलै रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. तिकीट एक रुपया होतें. पॅरिसमधील पहिल्या जाहीर खेळास तेव्हां सात महिनेही झाले नव्हते.

परंतु पुढें तीन महिने लोटले नाहींत तोंच त्याच शहराच्या मांडवी भागांत माणसें गांठीच्या तापानें मरूं लागलीं. गोमंतकांत जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं सप्टेंबरांत हा प्लेग आहे असें निदान केलें. पुढील कांहीं महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गांव सोडून गेली. ऑक्टोबरांत हाफकिन मुंबईस आले, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली.

येथें आम्हांस एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. प्लेगचे जंतू यर्सिन यांनीं १८९४ मध्येंच हाँगकाँग येथें शोधून काढले होते; पण उंदरावरील पिसवा तो रोग माणसांत आणतात, हें सिमाँ यांनीं दाखविलें तें १८९८ मध्यें. मधल्या काळांत अधिकारी गटारें धुवीत, घरें झडत आणि रोग्यांस कुटुंबांपासून तोडून नेत. ज्ञान अर्धें आणि सक्ती मात्र पुरी, असा तो प्रकार होता. त्यामुळें लोक रोगाइतकेच इस्पितळासही भिऊं लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी-कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. उलट, जो शास्त्रज्ञ आधीं स्वतःसच सुई टोंचून घेतो, त्याच्यापुढें दंड उघडा करावयास माणसें हळूहळू तयार झालीं.

किरण, चित्रपट व बिनतारी यंत्र यांनीं पुढील शतक घडविलें, हें खरेंच. तथापि त्या वर्षाचा आम्हांस अधिक उपयोगी वाटणारा धडा मांडवीच्या गल्ल्यांतला आहे : शोध लागणें वेगळें व त्यावर लोकांचा विश्वास बसणें वेगळें. मुंबईच्या व साष्टीच्या जुन्या गांवठाणांत प्लेगच्या काळांत उभारलेले क्रूस आजही दिसतात. ज्यांवर सालें कोरलेलीं आहेत, तीं आमच्या वाचकांनीं जातां-येतां अवश्य वाचावींत, आणि तेथें कोणीं कोणासाठीं प्रार्थना केली असेल, याचा क्षणभर विचार करावा.