मंजुरी नसलेला पंथ

जपानमधला जोदो पंथ, म्हणजे ‘शुद्ध भूमी’चा पंथ, आपला जन्म ११७५ सालचा सांगतो. त्या साली घडलं काय? हिएई पर्वतावरच्या मठात जवळपास तीस वर्षं ग्रंथांत बुडालेला होनेन नावाचा ४३ वर्षांचा भिक्षू शान्दाओ या चिनी आचार्याच्या टीकेतल्या एका वाक्यापाशी अडला, आणि डोंगर उतरून क्योतोच्या पूर्वेला योशिमिझू इथे राहू लागला. बस्स. ना मंदिराचा पाया, ना दरबारची सनद.

वाक्याचा मथितार्थ एवढाच, की उठता-बसता एकचित्ताने अमिताभ बुद्धाचं नाव घेत राहिलं की त्याच्या शुद्ध भूमीत जन्म मिळतो. मंत्र ‘नामु अमिदा बुत्सु’. यातलं ‘नामु’ म्हणजे आपलं ‘नमो’च, चीनमार्गे तिकडे पोहोचलेलं. नामस्मरण हिएईवरही चाले. पण ध्यान, विधी, व्रतं यांच्या पंगतीतलं ते एक पान. होनेनने बाकीची पानं उचलून ठेवली.

काळही तसा होता. १०५२ पासून धर्माचा ऱ्हासकाळ लागला, अशी समजूत रुजली होती. ११८० च्या अखेरीस नारामधली मोठी मंदिरं जळाली, मागोमाग दुष्काळ आला. राजधानीच्या एकट्या पूर्व भागात दोन महिन्यांत ४२,३०० च्या वर प्रेतं मोजली गेल्याचं कामो नो चोमेई या लेखकाने लिहून ठेवलंय. अशा गावात कोणाला वीस वर्षांची साधना सांगायची?

कुजो कानेझाने या वजनदार सरदाराच्या विनंतीवरून ११९८ मध्ये होनेनने ‘सेन्चाकुशू’ हा ग्रंथ सिद्ध केला. शेवटची सूचना मात्र चमत्कारिक: वाचून झाल्यावर भिंतीत पुरून टाका! म्हातारा भाबडा नव्हता. जपानमध्ये पंथ काढायचा तर दरबाराची मान्यता लागे, आणि ती आठच पंथांना होती.

भीती खरी ठरली. १२०४ मध्ये हिएईचा राग शमवण्यासाठी त्याने इतर देवतांची निंदा करणार नाही, अशा अर्थाच्या सात कलमी प्रतिज्ञापत्रावर १९० शिष्यांच्या सह्या घेतल्या. तरी पुढच्याच वर्षी कोफुकुजी मठाने नऊ आरोपांची फिर्याद केलीच. पहिला आरोप, मंजुरीविना नवा पंथ स्थापल्याचा. पंथाच्या जन्माचा दाखला, तोही विरोधकांच्या हातचा!

शिक्षेचं निमित्त घडलं राजवाड्यात. निवृत्त सम्राट गो-तोबा तीर्थयात्रेला गेला असताना होनेनच्या शिष्यांच्या प्रभावाने त्याच्या पदरच्या स्त्रिया भिक्षुणी झाल्या. १२०७ मध्ये अन्राकू आणि जुरेन या शिष्यांची डोकी उडवली गेली, ७५ वर्षांचा होनेन शिकोकूकडे हद्दपार झाला, शिन्रान हा आणखी एक शिष्य एचिगो प्रांतात. परतीची पूर्ण मुभा १२११ मध्ये मिळाली, आणि १२१२ च्या आरंभी क्योतोतच होनेन वारला.

हिएईचं समाधान तरीही झालं नव्हतं. १२२७ मध्ये तिथल्या भिक्षूंनी त्याची समाधी उकरली, ‘सेन्चाकुशू’चे लाकडी छापठसे जाळले. गेन्ची या शिष्याने गुरू गेला त्याच वर्षी घडवून घेतलेली अमिताभाची मूर्ती मात्र टिकली. विसाव्या शतकात तिच्या पोटातून कागद निघाले; त्यांवर सुमारे ४६,००० माणसांची नावं होती.