ऊन पाण्याची तीर्थे आणि धर्मशाळेचे छप्पर



चैत्राच्या उन्हात वऱ्हाडातल्या श्रोत्यांपुढे ऊन पाण्याचा विषय काढणारा माणूस थोडा वेडगळ वाटण्याचा संभव आहे. तथापि आजचा विषय पाण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो पाण्याजवळच्या छपराचा आहे. पाणी जमीन देते. छप्पर माणसाला बांधावे लागते. आणि जे माणसाने बांधले, त्याचे दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, हेही माणूसच ठरवतो. मी कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेला माणूस. शाळा थोडी झाली, वाचन रात्री कंदिलाशी झाले. म्हणून हा इतिहास मी वाड्याच्या सज्जातून न पाहता धर्मशाळेच्या ओट्यावरून पाहणार आहे.

प्रथम पाण्याविषयी. कोकणात ऊन पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी व गणेशपुरी, महाडजवळचे सव, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वराकडचे तुरळ व आरवली, आणि खाली राजापूर, अशी त्यांची जणू रांगच लागली आहे. खानदेशात चोपड्याच्या बाजूला उनपदेव आहे. पैनगंगेच्या काठी किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, बैतुलच्या सरहद्दीवर सालबर्डी आहे. महाशिवरात्रीला तेथे डोंगरावरच्या गुहेतील महादेवाला माणसांचा पूर लोटतो.

यांत चमत्कार काही नाही. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल जाते, पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. येताना क्षार आणि कोठे कोठे गंधक घेऊन येते. म्हणून खरूज, नायटा, सांधेदुखी यांनी गांजलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या या कुंडांकडे जात आली. एका बुडीने रोग जात नाही. आठ-पंधरा दिवस राहावे लागते. आणि राहावयाचे म्हटले की छपराचा प्रश्न आला.

हाच प्रश्न जपानलाही पडला होता. त्या देशात ज्वालामुखी पुष्कळ, म्हणून ऊन पाण्याचे झरेही पुष्कळ. झऱ्याच्या गावाला ते ओन्सेन म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या उतारशाळेला र्योकान. यामानाशी प्रांतातील एक र्योकान आपली स्थापना इ. स. ७०५ ची सांगते, आवाझू येथील दुसरी ७१८ ची. प्रवासी दारात पादत्राणे काढतो, गवताच्या चटयांवर बसतो, रात्री जमिनीवरच गादी घालून निजतो. कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावे, हा तिथला सक्त नियम. कारण पाणी सर्वांचे आहे. आज पाहुणे तेथे भरपूर पैसे मोजून जातात. परंतु त्या देशात 'तोजी' नावाची एक जुनी चाल आहे. सुगी आटोपली की शेतकरी घरचे तांदूळ बांधून घेऊन झऱ्याच्या गावी जात, आठवडा दोन आठवडे स्वस्त खोलीत राहत, स्वतःच रांधून खात आणि थकलेले अंग शेकून परत येत. शिधा बरोबर, चूल तिथली, भाडे नाममात्र! आपल्याकडच्या माणसाला हे वर्णन कशाचे वाटेल? धर्मशाळेचेच.

आपली धर्मशाळा म्हणजे चार भिंती, पडवी, ओटा, विहीर आणि तीन दगडांची चूल. अंथरूण आपले, भांडी आपली. कोणी राजाने बांधली, कोणी सावकाराने, कोणी विधवेने आपले दागिने मोडून. अहिल्याबाई होळकरांनी तर आपल्या राज्याबाहेर, सर्व हिंदुस्थानभर घाट आणि धर्मशाळा उभारल्या. हा आपल्या समाजाचा खरोखर मोठेपणा आहे, आणि तो मी मनापासून मान्य करतो. परंतु पुढचा प्रश्न विचारल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. या धर्मशाळांत सर्वांना जागा होती काय?

नव्हती. अस्पृश्य मानलेला यात्रेकरू देवाच्या गावी पोचून उघड्यावर निजत असे. जपानही या दोषातून सुटलेला नव्हता. मात्सुयामा येथील दोगोच्या प्रसिद्ध झऱ्यावर सतराव्या शतकात सामुराई व भिक्षू यांचे कुंड वेगळे, स्त्रियांचे वेगळे आणि सामान्य जनांचे वेगळे होते. पाणी एकाच भूमीतून येई. वर आल्यावर त्याला पायऱ्या पडत.

हे दार ठोठावणाऱ्यांत मला दोन माणसांची आठवण प्रकर्षाने होते. पहिले रावबहादूर सीताराम केशव बोले. १९०९ मध्ये मुंबईत कामगार हितवर्धक सभा स्थापणाऱ्यांपैकी ते एक, म्हणजे आमच्या चळवळीचे वडीलधारेच. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांच्या ठरावाने असे मान्य झाले की सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या चवदार तळ्याची आठवण सर्वांना आहे. १९२७ चा तो सत्याग्रह याच ठरावाच्या पायावर उभा राहिला. पण ठरावात पाणवठ्याबरोबर धर्मशाळा हा शब्द होता, हे आपण सहसा विसरतो. तहान आणि निवारा ही दोन्ही दुःखे बोल्यांनी एका वाक्यात बसविली.

दुसरे आपल्या मातीतले. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगावचा, परिटाच्या घरी. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. आपल्या भातकुली तालुक्यातील ऋणमोचनची पौषातली यात्रा त्यांच्या सेवेचे एक आरंभस्थान होय. पूर्णेच्या काठी चिखलात घसरणारी माणसे पाहून त्यांनी तेथे घाट बांधविला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. ज्यांना इतरत्र ओसरीही मिळत नव्हती त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा झाली. आणि १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच, त्यांचा देह पडला. सर्वांसाठी छप्पर बांधणारा माणूस अखेरच्या क्षणीही वाटेवरच होता.

१९५० मध्ये राज्यघटना अमलात आली आणि अस्पृश्यता नष्ट झाल्याचे तिने जाहीर केले. १९५५ च्या कायद्याने धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचे दार नाकारणे हा गुन्हा ठरविला. पण कायद्याने कडी निघते. मनातली आगळ निघेलच असे नाही. जपानात कुष्ठरोग्यांना डांबणारा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. तरी २००३ मध्ये कुमामोतो प्रांतात झऱ्याच्या एका गावी, रोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या वृद्धांना उतरण्यास नकार मिळाला. ही गोष्ट ऐकून आपण जपानला हसू नये. कुष्ठरोग्यांना माणसांत जागा मिळेना म्हणूनच डॉ. शिवाजीराव पटवर्धनांना १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन उभारावे लागले.

आता माझ्या धंद्याचा प्रश्न. धर्मशाळा उघडली, पण ती झाडतो कोण? र्योकानमध्ये गादी घालणारी, ताट आणणारी दासी पहाटे सर्वांआधी उठते आणि रात्री सर्वांनंतर निजते. आपल्याकडे १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने उतारशाळांतील नोकराचे कामाचे तास बांधून दिले आणि आठवड्याची सुट्टी दिली. २०१७ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, तेव्हा दहाहून कमी माणसे ठेवणारी आस्थापने त्याच्या बहुतेक कक्षेबाहेर गेली. तीर्थाच्या गावचे छोटे लॉज बहुधा चार-पाच माणसांवर चालतात. म्हणजे जेथे यात्रेकरू पुण्य जोडतो, तेथेच चादर धुणाऱ्या पोराला हक्काची सुट्टी उरत नाही!

गाडगेबाबांचे खरे मोठेपण मला येथे दिसते. इमारती बांधणारे दानशूर पुष्कळ झाले. त्या इमारतींसमोरचा रस्ता स्वतः झाडणारा दाता विरळा. खराटा हाती घेऊन त्यांनी झाडणाऱ्याचे काम आणि बांधणाऱ्याचे काम एका पंक्तीस बसविले. आपण मात्र त्यांचा खराटा तसबिरीत ठेवला आणि प्रत्यक्ष झाडणाऱ्याला मागच्या दाराने आत घेतले.

श्रोतेहो, तुम्ही यंदा सालबर्डीला जाल, पंढरीला जाल, कदाचित कोणाची मुले जपानलाही जातील. जेथे उतराल तेथे तीन प्रश्न अवश्य विचारा. येथे कोणाला नकार मिळतो काय? गरिबाला परवडेल अशी एक तरी खोली आहे काय? आणि ही खोली झाडणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळते काय? पहिल्या प्रश्नासाठी बोल्यांनी ठराव आणला, दुसऱ्यासाठी बाबांनी गावोगाव कीर्तने करून पैसा जमविला. तिसऱ्याचे उत्तर अजून यावयाचे आहे, आणि ते देण्याची पाळी तुमची-आमची आहे.