हडपसरचे व्याही आणि फुल्यांचे मृत्युपत्र

4 फेब्रुवारी 1889 रोजी जोतीराव फुल्यांचा दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न हडपसरच्या ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या मुलीशी, राधेशी, सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे भटजीविना, झाले. यशवंत हा एका ब्राह्मण विधवेच्या पोटी, लग्नाबाहेर जन्मलेला. अशा मुलाला पोटची पोर देणे म्हणजे भावकीशी वैर घेणेच. ससाण्यांनी ते घेतले. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला घरी आणून ठेवले, दोघांची ओळख व्हावी म्हणून, असे चरित्रकार सांगतात (गावाला हे कसे पचले असेल, देव जाणे). हे लग्न सुधारणेचा विजय म्हणून सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मला मात्र त्याआधीच्या दीड-दोन वर्षांतली एक गोष्ट अधिक बोलकी वाटते: 1887 साली जोतीरावांनी केलेले मृत्युपत्र. दत्तक मुलगा स्वजातीयच असावा लागे, असा तेव्हाचा हिंदू कायदा. त्यामुळे मृत्युपत्र नसते, तर यशवंतचा वारसा कोणीही भाऊबंद उधळून लावू शकला असता. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी हरकत घेतलीच, आणि शेवटी ते सावित्रीबाईंनी धरले. टिटवे धरणारा तो वारस, ही समजूत त्या भांडणामागे होती. भटजीची मध्यस्थी नाकारणाऱ्या जोतीरावांनी कागद मात्र नाकारला नाही. नात्यातली आपुलकी कायद्याला दिसत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

यावर कोणी म्हणेल, भटजीच नको म्हणणारा सत्यशोधक विवाह हीच आजच्या ‘लिव्ह-इन’ची पहिली पायरी नव्हे का? नव्हे. 25 डिसेंबर 1873 च्या पहिल्या सत्यशोधक लग्नापासून त्यात चारचौघांसमोर घेतलेली शपथ होती. विधी आटोपशीर झाला, पण साक्षीदार गेले नाहीत. पण कायद्याला मान्य असा विधी नसला की काय होते, हे भाऊराव लोखंडे खटल्यात दिसले. गांधर्व पद्धतीने केलेले दुसरे लग्न होम आणि सप्तपदी झाली नाही, आणि त्याशिवाय चालणारी रूढीही सिद्ध झाली नाही, म्हणून 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने लग्नच मानले नाही. द्विभार्येचा गुन्हाही टिकला नाही. तमिळनाडूने 1967 साली पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांसाठी हिंदू विवाह कायद्यात स्वतंत्र कलम घातले. सत्यशोधक विवाहाच्या महाराष्ट्रात तसे कलम नाही, हे जरा लाजिरवाणेच आहे. इथे रूढीचा पुरावा किंवा विशेष विवाह कायद्याची नोंदणी, एवढाच आधार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: न्यायालये आता सहजीवनालाही मान्यता देतात. देतात, पण कशापुरती ते पाहावे. दीर्घकाळ नवराबायको म्हणून राहिलेल्यांचे लग्न झालेच असावे, असे न्यायालय गृहीत धरते. पण ते गृहीतक पुराव्याने खोडता येते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीला निवारा आणि निर्वाहाचे संरक्षण दिले. 2010 च्या वेलुसामी निकालाने मात्र अट घातली, की दोघेही लग्नाला कायद्याने मोकळे हवेत आणि जगासमोर जोडपे म्हणून बराच काळ राहिलेले हवेत. आणि वारसा? 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवेचे नाव पहिल्या वर्गात आहे, सहचरीचे कुठेच नाही. अमुक वर्षे एकत्र राहिले की आपोआप हक्क मिळतो, ही सर्रास ऐकू येणारी समजूत निराधार आहे. नॉमिनीचे नाव लावूनही भागत नाही. शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी हा मालक नव्हे, वारसांचा विश्वस्त, असे डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

म्हणून हडपसरच्याच मगरपट्ट्यातल्या सदनिकेत दहा वर्षे एकत्र राहणाऱ्या जोडप्याचा प्रश्न ससाण्यांच्या जावयाच्या प्रश्नाहून फार वेगळा नाही. उपायही तोच: मृत्युपत्र. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही. तेच घर हयातीत बक्षीसपत्राने द्यायचे ठरले, तर महाराष्ट्रात पत्नीला देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये. सहचरीला देताना ते बाजारभावावर, खरेदीखताच्या दराने.