दिनविशेष : २२ जानेवारी १८९८
लोलकाने टिपलेले ग्रहण

या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली महाराष्ट्रावरून सरकली. नाशिक जिल्ह्यातील विंचूर परिसरात ते खंडग्रासच होते. खग्रासपट्टा तिथून दक्षिणेकडून गेला. त्या पट्ट्यातील विजयदुर्गला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, तर जेऊरला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला दुर्बिणी रोखून सज्ज होते.  खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. लॉकियर यांनी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे काचेचा लोलक बसवला होता. एरवी वर्णपटासाठी प्रकाश अरुंद फटीतून सोडावा लागतो. इथे चंद्राआडून डोकावणारी सूर्याची बारीक कोरच फट ठरली. त्यामुळे सरळ रेघांऐवजी हायड्रोजन, हेलियम, कॅल्शियम यांच्या प्रकाशाच्या वेगवेगळ्या कोरी छायाचित्रात ओळीने उमटतात.